चित्रगुरू हळदणकर

राजगुरुनगरापासून सावंतवाडीपर्यंत महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या शाळेत अथवा वाचनालयात आपण पाऊल टाकले, की भिंतीवरील तसबिरी आपले लक्ष वेधून घेतात. त्यांत कोणी देशासाठी प्राण वेचणारा हुतात्मा असतो, कोणी समाजसुधारक असतो, तर कोणी संस्थेला उदार हस्ते देणगी देणारा दाता असतो. त्या मुखांवरील तेज पाहून आपले मस्तक नम्र होते. परंतु ते तेज ज्याच्या कुंचल्यातून उतरले, त्या चित्रकाराचे नाव तसबिरीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि ते वाचण्याचे श्रम आपण क्वचितच घेतो. त्या चित्रकाराला ही विद्या कोणी शिकविली, हा प्रश्न तर आपल्या मनात येतही नाही.

काही विद्या ग्रंथांतून टिकतात. व्याकरण, गणित, ज्योतिष यांचे ग्रंथ शंभर वर्षे पेटीत पडून राहिले, तरी पुढे एखादा बुद्धिमान वाचक त्यांतून ती विद्या पुन्हा उभी करू शकतो. हाताच्या विद्येचे मात्र तसे नाही. माणसाचा चेहरा पाहून तो रंगांत उतरविणे ही विद्या गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात जाते. मधली एक पिढी जरी रिकामी गेली, तरी तिचा धागा तुटतो. हा धागा तुटू नये म्हणून ज्यांनी आपल्या आयुष्याची साठ वर्षे खर्ची घातली, त्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर या थोर चित्रकाराचे हे चरित्र आहे.

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावंतवाडी येथे झाला. दक्षिण कोकणातील हे गाव त्या वेळी एका लहान संस्थानाची राजधानी होते. गावाच्या मध्यभागी मोती तलाव, तलावाकाठी राजवाडा आणि सभोवती गर्द झाडी, असा तो रम्य परिसर आहे. संस्थान लहान असले, तरी कलेच्या बाबतीत ते दरिद्री नव्हते. तेथील चितारी लाखेच्या रंगांनी लाकडी खेळणी, पाट, चौरंग रंगवीत. गंजिफा नावाच्या गोल पत्त्यांवर ते दशावतारांची चित्रे काढीत. तळहाताएवढ्याही नसलेल्या पत्त्यावर मत्स्य, कूर्म, वराह इत्यादी अवतार बारीक कुंचल्याने रेखाटणे हे काही येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे. पुढे हीच गंजिफा विसाव्या शतकात लोप पावण्याच्या बेतात आली होती. तेव्हा राजवाड्यातील मंडळींनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती मुद्दाम शिकून घेतली आणि म्हणूनच ती आज जिवंत राहिली आहे. ज्या गावात कलेचे जगणे आणि मरणे असे शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांवर अवलंबून होते, त्या गावात सावळारामांचे बालपण गेले.

लहानपणापासूनच सावळारामांचा ओढा चित्रकलेकडे होता. त्यांच्या हातातील हे कसब शिक्षकांच्या ध्यानात आले आणि संस्थानाधिपतींच्या कानांवरही गेले. त्या काळी गरीब व होतकरू मुलांच्या शिक्षणाला संस्थानिकांचा आश्रय हाच मोठा आधार असे. सावंतवाडीच्या राजांनी या तरुणाला साहाय्य देऊन १९०३ साली मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभॉय कलाशाळेत शिकण्यासाठी पाठविले. तेव्हा सावंतवाडीहून मुंबईला जाण्यास रेल्वे नव्हती. वेंगुर्ल्याच्या बंदरावर जावे, आगबोटीत बसावे आणि समुद्राच्या लाटांवर हेलकावे खात मुंबईचा धक्का गाठावा, असा तो प्रवास असे. विशीतील सावळाराम त्या अफाट शहरात दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्याला नवे वळण लागले.

ज्या कलाशाळेत त्यांनी प्रवेश केला, तिचा पूर्वेतिहासही ध्यानात घेण्यासारखा आहे. पाश्चात्त्य पद्धतीचे व्यक्तिचित्रण महाराष्ट्रात प्रथम आले ते पेशवाईच्या उत्तरकाळात. १७९० नंतरच्या वर्षांत जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची तैलचित्रे रंगविली. त्याच सुमारास पुण्यातील शनिवारवाड्यात चित्रकला शिकविण्याची सोय करण्यात आली आणि गंगाराम तांबट यांच्यासारखा कुशल मराठी चित्रकार तेथे तयार झाला. पण १७९५ साली वेल्स निवर्तला. त्याच वर्षी सवाई माधवरावांचाही अंत झाला. मग ती शाळाही टिकली नाही. चित्रे मागे उरली, परंतु ती काढण्याची विद्या पुढच्या पिढीकडे गेली नाही. लावलेले रोप पाण्यावाचून सुकून जावे, तसे ते झाले.

त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, १८५७ साली, सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईस कलाशाळा सुरू झाली, आणि या वेळी मात्र रोपाने मूळ धरले. जॉन ग्रिफिथ्स यांनी या शाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. पेस्तनजी बोमनजी, महादेव विश्वनाथ धुरंधर, आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांसारखे नामवंत चित्रकार या शाळेने दिले. हळदणकर येथे आले तेव्हा सेसिल बर्न्स हे शाळेचे प्राचार्य होते. धुरंधरांची चपळ रेषा आणि त्रिंदादांचे घनगंभीर रंग यांचा सहवास ज्या वास्तूत घडत होता, तेथे हळदणकरांचा हात घडला. डोळ्यांनी काटेकोर पाहावे, हाताने प्रामाणिकपणे उतरवावे आणि जे दिसले नाही ते रंगवू नये, हा त्या शाळेचा दंडक होता. हळदणकरांनी तो जन्मभर पाळला.

शिक्षण घेतलेल्या चित्रकारापुढे त्या काळी दोन वाटा असत. एक वाट संस्थानिकांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि बड्या वकिलांच्या दिवाणखान्यांकडे जाई. तेथे तसबिरींना मागणी होती आणि पैसाही होता. दुसरी वाट सरकारी शाळेतील चित्रकलाशिक्षकाच्या खुर्चीकडे जाई. हळदणकरांनी या दोन्हींहून निराळी आणि अवघड अशी वाट धरली. १९०८ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशाळा काढली. हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट या नावाने ती प्रसिद्धीस आली.

हे साहस किती मोठे होते, हे समजण्यासाठी त्या काळाची परिस्थिती पाहिली पाहिजे. व्यक्तिचित्रकारापुढे तेव्हा एक नवाच प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. तो म्हणजे छायाचित्रणाचे यंत्र. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली होती, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत शहरात छायाचित्रकारांची दुकाने जागोजागी थाटली गेली होती. ज्या चेहऱ्यासाठी चित्रकाराला अनेक बैठका लागत, तो यंत्र काही क्षणांत टिपून देई, आणि तेही अल्प मोलात. मग चित्रकाराची गरजच काय, असा प्रश्न लोक विचारू लागले. पुष्कळ चित्रकार छायाचित्रावर रंग चढवून देण्याच्या कामाला लागले. त्यात पोट भरे, पण डोळा आळशी होई. समोर जिवंत माणूस बसवून त्याचा चेहरा वाचण्याची सवय मोडू लागली. अशा वेळी हळदणकरांनी जिवंत माणसावरून चित्र काढण्याचे शिक्षण देणारी शाळा उघडली. हाच त्यांच्या जीवनकार्याचा आरंभ होय.

सरकारी कलाशाळेचा दरवाजा सर्वांना खुला नव्हता. गावोगावचे कितीतरी होतकरू तरुण दिवसा नोकरी करून मुंबईत दिवस काढीत. कोणी शाळामास्तर होता, कोणी कारकून, तर कोणी छापखान्यात काम करणारा. अशांना हळदणकरांसारख्यांच्या खाजगी कलाशाळांनी आधार दिला. सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी तेथे होई. मात्र परीक्षा हे निमित्त होते. हाताला वळण लावणे हा खरा हेतू होता.

या परंपरेतील चित्रशाळेत शिक्षणाचा क्रम ठरलेला असे. नवा विद्यार्थी आला, की त्याला लगेच रंगांना हात लावू देत नसत. प्रथम घन, गोल, शंकू यांसारख्या साध्या आकारांवर प्रकाश कसा पडतो, हे त्याने कोळशाच्या कांडीने रेखाटावयाचे असे. चेंडूचा एक भाग उजळ दिसतो, एक भाग काळोखात जातो आणि त्या दोहोंच्या मध्ये अनेक छटा असतात. काळोखाच्या अगदी कडेला भुईवरून परतलेला अंधूक उजेडही असतो. हे ज्याला चेंडूवर दिसले नाही, त्याला ते गालावर कसे दिसणार? म्हणून महिनेच्या महिने हा सराव चाले. त्यानंतर प्लास्टरचे पुतळे समोर येत. कधी नुसते नाक, कधी कान, कधी हाताची बोटे. पुतळा पांढरा असतो आणि हालत नाही. म्हणून त्यावर छायाप्रकाशाचा अभ्यास उत्तम होतो.

हे सारे पार पडल्यावर मग जिवंत माणूस समोर बसे. एखादा म्हातारा हमाल, एखादा फकीर, एखादी भाजीवाली अशी ही माणसे असत. उजेड एकाच बाजूने आणि शक्यतो उत्तरेकडील खिडकीतून घेतला जाई. कारण त्या दिशेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. विद्यार्थी हात लांब करून, एक डोळा मिटून, कुंचल्याच्या दांड्याने अंतरे मोजी. कपाळापासून भुवईपर्यंत किती, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत किती, हनुवटी खांद्याच्या रेषेवर कोठे येते, हे तो ताडून पाही. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो, तसा चित्रकारही दोरीला वजन बांधून डोके, मान आणि खांदा यांचा तोल पाहतो. मग डोळे किलकिले करावयाचे. डोळे अर्धवट मिटले, की पापण्या, सुरकुत्या, केस असले बारकावे नाहीसे होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे मोठे भाग तेवढे उरतात. आधी ते मोठे भाग मांडावयाचे आणि बारकावे शेवटी घालावयाचे. उतावळ्या विद्यार्थ्याला प्रथम डोळ्यांतील बुबुळ रंगविण्याची घाई होते. गुरूचे काम त्याला थोपविण्याचे असते.

या विद्येत गुरूचे शब्द थोडे आणि हात अधिक बोलतो. विद्यार्थ्याच्या पाठीशी येऊन गुरू उभा राहतो. त्याच्या चित्रातील चूक तो मुकाट्याने न्याहाळतो. मग कागदाच्या कोपऱ्यात दोन-चार रेषांनी तोच चेहरा मांडून दाखवितो. कधी तो स्वतःच फलकासमोर बसतो आणि साऱ्या वर्गादेखत चित्र रंगवितो. रंग किती पातळ करावा, कुंचला किती भिजवावा, कोठे थांबावे, हे त्या वेळी जे दिसते, ते कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. गायनाच्या क्षेत्रात घराण्याचा गवई शिष्याला समोर बसवून सूर देतो, तशीच ही तालीम होय.

हळदणकरांचे प्रभुत्व तैलरंगांवर होते आणि जलरंगांवरही होते. त्यांतही जलरंगांत त्यांनी जी सिद्धी मिळविली, तिला तोड नव्हती. तैलरंग दयाळू असतात. जवसाच्या तेलात मिसळलेला रंग सावकाश वाळतो. चुकला तर खरवडून काढता येतो किंवा त्यावर दुसरा रंग चढविता येतो. जलरंग मात्र कठोर परीक्षक आहेत. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग वापरावयाचा नसतो. कागदाचा शुभ्रपणा हाच उजेड असतो. म्हणून नाकाच्या शेंड्यावरील प्रकाशाचा ठिपका कोठे राहणार, हे पहिला थर देण्यापूर्वीच ठरवून ती जागा कोरी सोडावी लागते. उजळ छटा आधी द्यावयाची, ती वाळू द्यावयाची आणि मग तिच्यावर गडद छटा चढवावयाची. कोठे ओल्यावर ओला रंग सोडून तो आपोआप पसरू द्यावयाचा, तर कोठे कोरड्या कागदावर कडा ठाम ठेवावयाची. एकदा गडद झालेला भाग पुन्हा उजळत नाही. फार घासाघीस केली, तर रंग गढूळ होतो आणि कागदाचे तंतू उठतात. बोललेला शब्द आणि सुटलेला बाण परत येत नाही, तसेच जलरंगाचे आहे. ज्याचा विचार पक्का आणि हात निर्भय, त्यालाच ते वश होतात. असे माध्यम माणसाच्या चेहऱ्यासारख्या अवघड विषयासाठी वापरणे हे फार मोठ्या आत्मविश्वासाचे लक्षण होते.

शिकविण्याच्या व्यापात अनेक कलावंतांचा स्वतःचा कुंचला कोरडा पडतो. हळदणकरांनी ते होऊ दिले नाही. मुंबई, सिमला, मद्रास इत्यादी ठिकाणच्या प्रदर्शनांत त्यांच्या चित्रांना पारितोषिके मिळत गेली. १९२५ साली एका मुसलमान यात्रेकरूच्या त्यांच्या व्यक्तिचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळच्या भारतीय चित्रकाराला हा मान म्हणजे कर्तृत्वाचा कळस वाटे. या चित्राचा विषयही पाहण्यासारखा आहे. राजेरजवाड्यांना सोडून एका सामान्य यात्रेकरूच्या मुखाकडे त्यांची दृष्टी वळली. माणूस मोठा असो वा लहान, त्याचा चेहरा सारख्याच आदराने पाहिला पाहिजे, असा जणू या चित्राचा बोध होता.

कलाशाळा चालवून ते थांबले नाहीत. बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ साली निघाली होती. परंतु तिच्या कारभारावर दीर्घकाळ युरोपीय मंडळींचा प्रभाव होता. येथील चित्रकारांनी स्वतःच्या कर्तबगारीवर उभे राहावे आणि त्यांच्या कृतींना हक्काचे व्यासपीठ मिळावे, या विचाराने हळदणकरांनी काही समकालीन कलावंतांसह १९१८ साली मुंबईत आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. पुढे अनेक वर्षे त्यांनी तिचे अध्यक्षपदही भूषविले. शिष्याला विद्या द्यावी, आणि ती विद्या जगापुढे मांडण्यास जागाही मिळवून द्यावी, अशी ही दुहेरी कामगिरी होती.

याच सुमारास कलेच्या जगात नवे वारे वाहू लागले. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे सरकारी कलाशाळेची सूत्रे आली आणि त्यांनी भारतीय पद्धतीच्या भित्तिचित्रणाला उत्तेजन दिले. तिकडे बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांचे शिष्य यांनी पाश्चात्त्य वास्तवदर्शी पद्धतीकडे पाठ फिरविली होती. पुढे १९४७ साली मुंबईतच तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. हुबेहूब चित्र काढणे ही जुनी गोष्ट झाली, असा विचार त्यानंतर सर्वत्र बळावत गेला. प्रत्येक नव्या विचारात काही सत्य असते आणि या विचारांनी भारतीय कलेला नवी दालने खुली करून दिली, यात शंका नाही. परंतु नव्याच्या ओघात जुने कसब वाहून जाण्याचा धोकाही तेव्हा निर्माण झाला होता. एकीकडे छायाचित्राचे यंत्र आणि दुसरीकडे बदलती अभिरुची, अशा दोन्ही बाजूंनी व्यक्तिचित्रणाची कोंडी झाली. हळदणकर मात्र आपल्या कलाशाळेत पूर्वीप्रमाणेच माणूस समोर बसवून शिकवीत राहिले. कोणाशी वाद घालण्यापेक्षा शिष्याच्या हाताला वळण लावणे, हेच त्यांचे उत्तर होते.

आणि मग त्यांच्या कुंचल्याने असे एक उत्तर दिले, की ते सर्वांच्या डोळ्यांसमोर कायमचे राहिले. १९४५-४६ सालची ही गोष्ट आहे. हळदणकरांचे वय तेव्हा त्रेसष्टीच्या घरात होते. दिवाळीच्या दिवसांत त्यांची कन्या गीता हाती दिवा घेऊन चालली असता ते दृश्य त्यांच्या नजरेत भरले, असे सांगतात. चित्रकाराने मुलीला तसेच उभे राहण्यास सांगितले. मुलगी तासन्तास दिवा घेऊन उभी राहिली आणि पित्याचा कुंचला चालू लागला. हे चित्र त्यांनी तैलरंगांत न करता जलरंगांत केले.

या चित्रात एक तरुणी उभी आहे. एका हातात तिने दिवा धरला आहे आणि दुसरा हात ज्योतीच्या आड धरला आहे. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून. ज्योतीचा उजेड तिच्या मुखावर पडला आहे. तोच उजेड तिच्या बोटांमधून झिरपून बोटे आरक्त झाली आहेत. साडीच्या चुण्यांवरून तो हळूहळू ओसरत जातो आणि पाठीमागे काळोख दाटून राहतो. चित्रात सोनेरी वर्ख नाही, चमकणारा कोणताही पदार्थ नाही. केवळ कागद, पाणी आणि रंग यांच्या साहाय्याने ज्योत प्रत्यक्ष तेवत असल्याचा भास होतो. कागदाचा शुभ्रपणा नेमका कोठे राखावा आणि त्याच्या भोवतीचा काळोख किती गडद करावा, याच्या अचूक अंदाजातून तो भास निर्माण झाला आहे. काळोखाचा एक थर जरी ज्योतीच्या कडेवर ओघळला असता, तरी सारे चित्र व्यर्थ गेले असते. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना जे शिकविले, त्या सर्वांचा अर्क त्या एका कागदावर उतरला होता. ‘ग्लो ऑफ होप’ म्हणजे ‘आशेचा प्रकाश’ या नावाने हे चित्र प्रसिद्ध झाले.

हे चित्र आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालयात आहे. ते तेथे अंधाऱ्या खोलीत लावलेले असते, म्हणजे ज्योतीचा उजेड अधिकच खुलून दिसतो. देशोदेशीचे प्रवासी त्यापुढे क्षणभर स्तब्ध होतात. त्याच्या प्रतिकृती दिनदर्शिकांवर, दुकानांत आणि घराघरांत पोहोचल्या. परंतु दैवाचा खेळ विचित्र असतो. चित्राला कीर्ती मिळाली आणि चित्रकाराचे नाव मात्र मागे पडले. हे चित्र राजा रविवर्मा यांनी काढले आहे, असा समज पुष्कळांनी करून घेतला. आजही अनेकजण तसेच सांगतात. रविवर्मा १९०६ सालीच दिवंगत झाले होते आणि त्यांची कीर्ती मुख्यतः तैलचित्रांवर उभी होती. हे चित्र त्यानंतर चाळीस वर्षांनी आणि जलरंगांत रंगविले गेले. रविवर्मा थोर होते, यात संशय नाही. पण एका थोराच्या उजेडात दुसऱ्याचे नाव दिसेनासे व्हावे, हे न्यायाचे नव्हे. चित्रातील गीताबाईंना दीर्घायुष्य लाभले. वयाची शंभर वर्षे ओलांडून त्या २०१८ साली कोल्हापूर येथे निवर्तल्या. त्या वेळी वृत्तपत्रांतून त्यांच्या पित्याचे नाव पुन्हा एकदा लोकांसमोर आले आणि त्या दिव्याचा खरा धनी कोण, हे अनेकांना प्रथमच कळले.

उतारवयात हळदणकरांना मानसन्मान लाभले. दिल्लीच्या ललित कला अकादमीने त्यांचा गौरव केला. त्यांचे पुत्र गजानन हेही नामांकित चित्रकार झाले आणि त्यांनी वडिलांच्या संस्थेचे काम पुढे चालविले. ३० मे १९६८ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, या चित्रगुरूने इहलोकीची यात्रा संपविली. त्यांनी उघडलेली कलाशाळा त्या वेळी साठ वर्षांची झाली होती.

साठ वर्षे ही माणसाच्या तीन पिढ्यांची मुदत होय. पुण्याच्या शनिवारवाड्यातील ती चित्रशाळा काही वर्षांतच संपली आणि तिच्याबरोबर तेथील विद्याही संपली. हळदणकरांच्या हाती आलेली विद्या मात्र तशी संपली नाही. त्यांच्या वर्गात बसून गेलेले विद्यार्थी पुढे शाळांत शिक्षक झाले, छापखान्यांत चित्रकार झाले, नाटकांचे पडदे व सभागृहांतील तसबिरी रंगवू लागले. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात नोंदली गेली नाहीत. पण ज्यांच्या हातांना असे वळण लागले, त्यांनी ते आणखी कोणाच्या तरी हातांना लावले. आज गावोगावी शाळकरी मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. पुढ्यातील तांब्यावर किंवा फळावर पडलेला उजेड न्याहाळताना ती डोळे किलकिले करतात. हे त्यांना त्यांच्या शिक्षकाने शिकविलेले असते, आणि त्या शिक्षकाला त्याच्या गुरूने.

हळदणकर केवळ स्वतःची चित्रे रंगवीत बसले असते, तर कदाचित त्यांच्या चित्रांची संख्या वाढली असती आणि संपत्तीही वाढली असती. त्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या चुका सुधारण्यात घालविला. शिष्याच्या कागदाच्या कोपऱ्यात गुरूने काढलेल्या रेषांवर गुरूची सही नसते, आणि त्या कोणत्याही संग्रहालयात ठेवल्या जात नाहीत. तरीही परंपरा टिकते ती त्या रेषांमुळेच. म्हैसूरच्या त्या चित्रातील तरुणीने एका हाती दिवा धरला आहे आणि दुसऱ्या हाताने त्याला वाऱ्यापासून जपले आहे. हळदणकरांनीही एका हाती कुंचला धरला आणि दुसरा हात आपल्या विद्येच्या ज्योतीभोवती साठ वर्षे धरून ठेवला. यापुढे कोठेही ते चित्र आपल्या दृष्टीस पडले, तर ज्योतीकडे पाहून झाल्यावर आपण सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे नावही आठवावे. त्या चित्रगुरूचे एवढे ऋण आपण मानलेच पाहिजे.